गोंगाट आणि गोळी : सव्वाशे वर्षांचा हिशेब

पुण्यात १८९२-९३ च्या सुमारास गणेशोत्सव घरातून चौकात आला आणि लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून त्याला बळ दिले, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. त्याच सुमारास, १८९४ साली, लंडनमध्ये घडलेली एक गोष्ट मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते. जॉर्ज ऑलिव्हर नावाचे एक डॉक्टर आणि एडवर्ड शेफर हे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक यांनी, मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रीनल ग्रंथींचा अर्क एका प्राण्याच्या शिरेत टोचला. पाहता पाहता त्या प्राण्याचा रक्तदाब चढला. ताणाच्या संप्रेरकांचा, म्हणजे हार्मोन्सचा, शोध येथून सुरू झाला.

पुण्यातला उत्सव आणि लंडनमधला प्रयोग यांचा एकमेकांशी काय संबंध, असे आपण विचाराल. तेव्हा काहीच नव्हता. पुढच्या सव्वाशे वर्षांत मात्र या दोन वाटा एकमेकींना अनेकदा छेदून गेल्या. उत्सवात ध्वनिक्षेपक आले, शहरात मोटारी आणि विमाने आली, माणसाची झोप उडाली आणि त्या झोपेसाठी गोळी आली. या गोळीच्या इतिहासात मुंबईच्या एका रुग्णालयाचे नाव ठळकपणे येते, तर गोंगाटाविरुद्धच्या लढ्यात मराठी डॉक्टरांची आणि एका मराठी न्यायमूर्तींची. आपल्या बंगळूरचाही त्यात वाटा आहे. दहा दिवस माइकच्या सान्निध्यात घालवणाऱ्या आपल्यासारख्या मंडळींनी हा हिशेब एकदा मांडून पाहायला हरकत नाही.

बिनमाइकचा उत्सव

सुरुवातीच्या उत्सवात आवाज नव्हता असे नाही. मेळे होते, पोवाडे होते, लेझीम आणि ताशे होते, कीर्तने आणि व्याख्याने होती. पण तो सारा आवाज माणसाच्या गळ्यातून आणि हातातून निघत असे. गळा बसला की गाणे थांबे, हात दुखले की ताशा थांबे. टिळकांनी हजारोंच्या सभा गाजवल्या त्या स्वतःच्या घशाच्या जोरावर. १ ऑगस्ट १९२० रोजी ते गेले तेव्हा आपल्याकडच्या सभांमध्ये विजेचा ध्वनिक्षेपक रुळलेला नव्हता.

आज आपण वापरतो तशा ध्वनिक्षेपकाची रचना अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली मांडली. आपल्याकडे १९३० च्या दशकात काँग्रेसच्या मोठ्या सभांना मुंबईच्या नानिक मोटवाने यांच्या ‘शिकागो रेडिओ’ कंपनीचे कर्णे लागू लागले. स्वातंत्र्याच्या चळवळीला या कर्ण्यांची मोठीच मदत झाली. पुढे ते लग्नात आले, जत्रेत आले, मांडवात आले. कर्ण्याची जागा खोक्यांनी घेतली आणि खोक्यांच्या भिंती झाल्या. महाराष्ट्रात त्यांना ‘डॉल्बी’ म्हणतात. फरक फक्त मोठेपणाचा नव्हता. पूर्वी आवाजाला थकवा ठाऊक होता, आता तो राहिला नाही.

शरीरातली धोक्याची घंटा

इकडे आवाज वाढत होता, तिकडे शास्त्रज्ञ शरीराच्या आतली घंटा शोधत होते. अ‍ॅड्रीनल ग्रंथीतला तो रक्तदाब चढवणारा पदार्थ जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी १९००-०१ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळा केला. तेच अ‍ॅड्रीनलिन. हार्वर्डचे वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या आपल्या ग्रंथात दाखवले की भीती, राग किंवा वेदना झाली की हा पदार्थ रक्तात येतो, छाती धडधडते, स्नायूंकडे जास्त रक्त जाते आणि शरीर ‘लढा किंवा पळा’ अशा तयारीला लागते.

१९३६ साली माँट्रियलमध्ये हान्स सेली यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. उंदरांना थंडी, जखम, अतिश्रम असा कोणताही त्रास दीर्घकाळ दिला तरी परिणाम एकसारखाच होत होता. अ‍ॅड्रीनल ग्रंथी सुजत, थायमस ग्रंथी आकसत आणि जठरात व्रण पडत. आज आपण सहज बोलताना ‘स्ट्रेस’ म्हणतो, त्या कल्पनेचे मूळ या टिपणात आहे. अ‍ॅड्रीनलच्या बाहेरच्या थरातून निघणारी कॉर्टिसोन वर्गातली संप्रेरके ओळखणाऱ्या केंडॉल, राइखश्टाइन आणि हेंच यांना १९५० चे नोबेल मिळाले. मेंदू या ग्रंथीला हुकूम कसा देतो, याचा वरचा दुवा अमेरिकेत वायली व्हेल यांनी १९८१ साली शोधून काढला.

आता ही साखळी आपल्याला पूर्ण सांगता येते. कानावर मोठा किंवा अचानक आवाज पडला की त्याची वर्दी मेंदूतल्या अमिग्डला या भयकेंद्राला जाते. तिथून हायपोथॅलॅमस, हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरी आणि पिट्युटरीकडून रक्तावाटे अ‍ॅड्रीनल, असा निरोप पोचतो आणि कॉर्टिसॉल सुटते. अ‍ॅड्रीनलिन काही सेकंदांत येते. कॉर्टिसॉल मिनिटांनी येते, पण जास्त वेळ रेंगाळते.

कॉर्टिसॉल हा काही शत्रू नव्हे. पहाटेपासून ते चढू लागते, जाग आल्यावर थोड्या वेळात सर्वांत जास्त असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. आपल्याला सकाळी अंथरुणातून उठवते ते हेच. अडचण तेव्हा होते, जेव्हा रात्री उतरायच्या वेळी ते उतरत नाही आणि अ‍ॅड्रीनलिनही पुन्हा पुन्हा टोचत राहते. म्हणून दिवसाच्या आवाजापेक्षा रात्रीचा आवाज महाग पडतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ‘आम्हाला सवय झाली, आता झोप मोडत नाही’ असे हमरस्त्याकाठी राहणारे सांगतात. जाग येणे खरोखर कमी होते. पण झोपेतल्या माणसाच्या हृदयाचे ठोके मोजले तर प्रत्येक मोठ्या आवाजाला ते अजूनही दचकताना दिसतात. मनाला सवय होते, नाडीला पूर्ण होत नाही.

मुंबईहून जगाला गेलेली गोळी

आता गोळीची गोष्ट. मनाला शांत करणारी आधुनिक औषधे पाश्चात्त्य कंपन्यांनी दिली, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्यांना शतकानुशतके माहीत होती. बिहारकडे तिला ‘पागल की दवा’ असेच नाव होते. १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती उन्माद आणि रक्तदाब या दोन्हींवर उपयोगी पडते असे लिहिले. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी तिच्या मुळांतले क्षार वेगळे केले आणि हकीम अजमल खान यांच्या सन्मानार्थ एकाला ‘अजमलीन’ असे नाव दिले.

तरीही जगाचे लक्ष गेले नव्हते. ते गेले १९४९ साली, मुंबईच्या परळमधील केईएम रुग्णालयामुळे. तेथील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवर सर्पगंधेची रीतसर चाचणी केली आणि तिचे निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले. रक्तदाब उतरत होता आणि रुग्ण शांतही होत होते. ते वाचून स्वित्झर्लंडच्या बाझल शहरातील सिबा कंपनीने शोध वाढवला आणि १९५२ साली सर्पगंधेतला मुख्य पदार्थ रेसरपिन वेगळा केला. १९५४ साली न्यूयॉर्कचे डॉ. नेथन क्लाइन यांनी तो मनोरुग्णांना दिल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. ‘ट्रँक्विलायझर’ हा शब्द आजच्या अर्थाने वैद्यकात रुळला तो या रेसरपिनच्या निमित्ताने. १९५७ साली अमेरिकेतला प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार इतर संशोधकांबरोबर डॉ. वकील यांना मिळाला.

रेसरपिन करते काय? १९५० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत आणि स्वीडनमध्ये याचे उत्तर मिळाले. ते मज्जातंतूंच्या टोकांमधले आणि अ‍ॅड्रीनल ग्रंथीतले साठेच रिकामे करते. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांचे याविषयीचे काम पुढे त्यांना २००० सालच्या नोबेलपर्यंत घेऊन गेले. शिपायाने बंदूक उचलली तरी कोठारात दारूच नाही, असा हा प्रकार. पण कोठार रिकामे झाले की इतर कामेही अडतात. काही रुग्णांना सुस्ती येई, काहींना उदासी. ही उदासी नेमकी औषधानेच येते का, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. चांगली औषधे आल्यावर रेसरपिन मागे पडले. तरी रक्तदाब आणि मनाचा ताण ही एकाच झाडाची फळे आहेत, हे परळच्या त्या वॉर्डाने जगाला दाखवले.

काम्पोजचे दिवस

१९५५ साली अमेरिकेत फ्रँक बर्गर यांनी शोधलेले मेप्रोबामेट ‘मिलटाउन’ या नावाने बाजारात आले आणि दुकानांतून संपू लागले. १९६० साली रोश कंपनीच्या लिओ स्टर्नबाख यांनी शोधलेले लिब्रियम आले आणि १९६३ साली त्याचाच धाकटा भाऊ व्हॅलियम. १९७८ या एका वर्षात अमेरिकेत व्हॅलियमच्या सुमारे २३० कोटी गोळ्या विकल्या गेल्या. आपल्याकडे हेच औषध, म्हणजे डायझेपाम, रॅनबॅक्सी कंपनीने १९६९ पासून ‘काम्पोज’ या नावाने विकले. आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी हे नाव इतके बसले की ‘एक काम्पोज घे आणि पड’ हा घरगुती सल्ला होऊन गेला. काम्पोजनंतर अल्प्राझोलाम आले आणि आज सर्वांत जास्त ऐकू येते ते नाव तेच.

ही गोळी मेंदूत कुठे बसते ते १९७७ साली डेन्मार्क आणि स्वित्झर्लंडमधल्या दोन गटांनी शोधले. मेंदूत गाबा नावाचे एक रसायन ब्रेकचे काम करते. ही औषधे तो ब्रेक अधिक घट्ट लावतात. त्यामुळे अमिग्डलाची ओरड कमी होते, हायपोथॅलॅमसकडून हुकूम कमी निघतो आणि रक्तातले कॉर्टिसॉल काही तास उतरते. अल्प्राझोलामच्या बाबतीत हे स्पष्ट दिसून आले आहे. म्हणजे गोळीने बरे वाटते ते केवळ मनाचे समाधान नाही; संप्रेरकांच्या पातळीवर खरोखर काही घडते.

पण इथे एक ‘पण’ आहे. काही आठवड्यांत मेंदू त्या ब्रेकला सरावतो. पूर्वीइतका परिणाम हवा तर मात्रा वाढवावी लागते. आणि गोळी अचानक बंद केली तर दाबलेली स्प्रिंग उसळावी तशी चिंता, निद्रानाश आणि धडधड उलट जोराने परत येते. या गोळ्यांनी झोप लागते पण गाढ झोपेचा वाटा कमी होतो. वयस्कर माणसांत रात्री उठताना तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. म्हणूनच २०१४ च्या मार्चपासून आपल्या देशात अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारखी औषधे ‘एच-वन’ या कडक यादीत आहेत. दुकानदाराला चिठ्ठी पाहून वेगळ्या वहीत नोंद करावी लागते.

नैराश्यावर आणि चिंतेवर दिली जाणारी नवी औषधे वेगळ्या रीतीने चालतात. सुरुवातीच्या मात्रेला कॉर्टिसॉल उलट थोडे वाढूही शकते. पुढे काही आठवड्यांनी बिघडलेली घडी सुधारते. १९६० च्या दशकात इंग्लंडच्या जेम्स ब्लॅक यांनी दिलेले प्रोप्रॅनोलॉल तर अ‍ॅड्रीनलिन तयार होण्याला हात लावत नाही. ते फक्त हृदयाच्या दारावर त्याला अडवते. प्रत्येक औषधाचा घाव साखळीच्या वेगळ्या कडीवर असतो. एक गोष्ट मात्र या सर्वांना समान आहे. यांपैकी एकही औषध बाहेरचा आवाज अर्ध्या डेसिबलनेही कमी करत नाही आणि कानाच्या आतल्या नाजूक पेशींना वाचवत नाही.

दोन विमानतळांची गोष्ट

गोंगाटाने संप्रेरके खरोखर वाढतात का, हे माणसांवर तपासणे अवघड असते, कारण कोणालाही मुद्दाम वर्षभर गोंगाटात ठेवता येत नाही. ही संधी जर्मनीत म्युनिक शहराने दिली. १९९२ च्या मे महिन्यात तिथला जुना विमानतळ बंद होऊन गावाबाहेर नवा सुरू झाला. गॅरी इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी दोन्ही ठिकाणच्या शाळकरी मुलांची तपासणी आधीही केली होती आणि नंतरही केली. नव्या विमानतळाजवळच्या मुलांच्या रात्रभराच्या लघवीत अ‍ॅड्रीनलिन आणि नॉरअ‍ॅड्रीनलिन वाढलेले आढळले, रक्तदाबही थोडा चढला होता. कॉर्टिसॉलमध्ये मात्र तसा फरक दिसला नाही. उलट जुन्या विमानतळाजवळच्या मुलांचे वाचन आणि स्मरण, तिथली विमाने थांबल्यावर सुधारले. या सुधारणेसाठी कोणाला औषध द्यावे लागले नाही.

पुढे युरोपातल्या सहा विमानतळांभोवतीच्या ४,८६१ प्रौढांचा ‘हायेना’ नावाचा मोठा अभ्यास झाला. रात्रीच्या विमानांच्या आवाजाचा रक्तदाबाशी संबंध २००८ साली प्रसिद्ध झाला. २००९ साली त्यांपैकी ४३९ जणांच्या लाळेतले कॉर्टिसॉल मोजल्याचा अहवाल आला. ६० डेसिबलपेक्षा जास्त आवाजात राहणाऱ्या स्त्रियांत सकाळचे कॉर्टिसॉल सुमारे ३४ टक्क्यांनी जास्त होते. पुरुषांत तसा फरक नव्हता. आणि २०११ साली तिसरा अहवाल आला तो आपल्या विषयाला थेट भिडणारा. विमानांचा आवाज दर १० डेसिबलने वाढेल तसा लोकांनी चिंताशामक गोळ्या घेण्याचा संभव सुमारे सव्वापट होत होता. म्हणजे गोंगाट आणि गोळी यांची जोडी नकाशावर दिसू लागली.

आपल्या बंगळूरमध्येही अगदी असाच बदल झाला. २४ मे २००८ रोजी देवनहळ्ळीचा विमानतळ सुरू झाला आणि एचएएल विमानतळावरची नेहमीची प्रवासी वाहतूक बंद झाली. तोपर्यंत मुरुगेशपाळ्य, दोमलूर, इंदिरानगर भागात राहिलेल्या आपल्या मंडळींना आठवत असेल, विमान डोक्यावरून गेले की दूरदर्शनचा आवाज ऐकू येत नसे आणि फोनवरचे बोलणे मध्येच थांबवावे लागे. विमाने गेली, पण त्या जागी वाहनांचे हॉर्न, जनरेटर आणि इमारतींची बांधकामे आली.

होसूर रस्त्यावरचे निम्हान्स

या शहरात मनोरुग्णांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून रुग्णालय होते. १९५४ साली त्याच्याजवळ अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली आणि २७ डिसेंबर १९७४ रोजी दोन्ही एकत्र होऊन निम्हान्स झाले. महाराष्ट्रातूनही अनेक कुटुंबे उपचारासाठी इथे येतात आणि तेव्हा आपल्यापैकी कोणाच्या तरी घरी उतरतात, हे वेगळे सांगायला नको.

२००२ साली निम्हान्सचे बी. एस. शंकरनारायण राव आणि इथल्याच एनसीबीएस या संस्थेतील सुमंत्र चट्टर्जी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांना दहा दिवस रोज काही वेळ जखडून ठेवून ताण दिला, तेव्हा स्मरणाचे केंद्र असलेल्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आकसल्या, पण अमिग्डलातल्या फांद्या उलट वाढल्या. स्मरण झिजते आणि भय फोफावते असाच याचा अर्थ. २००४ साली त्याच गटाने पुढचा निष्कर्ष मांडला. ताण थांबवून तीन आठवडे विश्रांती दिली तर हिप्पोकॅम्पस सावरतो, अमिग्डला मात्र तशीच राहते. हा ताण आवाजाचा नव्हता हे खरे. पण घंटा कोणीही वाजवली तरी ती लटकलेली असते एकाच खांबाला.

आवाजाचे प्रयोग शेजारी चेन्नईत, मद्रास विद्यापीठाच्या तारामणी येथील संस्थेत झाले. उंदरांना रोज चार तास १०० डेसिबल आवाजात ठेवल्यावर त्यांचे स्मरण आणि मेंदूतल्या पेशींच्या फांद्या यांवर परिणाम झाल्याचे तिथल्या गटाने २००६ साली लिहिले. त्याआधी, १९९७ साली, त्याच संस्थेत आवाजाने चढलेले कॉर्टिकोस्टेरॉन (उंदरांमधला कॉर्टिसॉलचा भाऊ) तुळशीच्या अर्काने आटोक्यात राहते का हे तपासले गेले आणि उत्तर होकारार्थी आले. एरवी गणपतीला वर्ज्य असलेली तुळस चतुर्थीच्या दिवशी एकवीस पत्रींत मात्र मान मिळवते, त्याची इथे आठवण होते. अर्थात उंदरांवरचा प्रयोग म्हणजे माणसासाठी औषधाची चिठ्ठी नव्हे. तुळशीचा काढा पिऊन डॉल्बीसमोर उभे राहण्याचा परवाना तर मुळीच नव्हे!

डॉक्टर कोर्टाची पायरी चढतात

गोंगाटाविरुद्ध न्यायालयात सर्वांत चिकाटीने कोण लढले हे पाहिले की एक मौजेची आणि विचार करायला लावणारी गोष्ट दिसते. मुंबईत १९८० च्या दशकापासून उच्च न्यायालयात दाद मागणारे डॉ. यशवंत ओक हे डॉक्टर होते. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर हेही डॉक्टर. ज्यांच्या खिशात औषधाची चिठ्ठी लिहायला पेन होते, त्यांनीच ते पेन अर्ज लिहायला वापरले. रोग्याला गोळी देऊन पुन्हा त्याच चौकातल्या त्याच घरी पाठवण्यात अर्थ नाही, हे त्यांना इतरांपेक्षा आधी कळले असावे.

केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण नियम फेब्रुवारी २००० मध्ये आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवतीच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. २००२ साली राज्यांना वर्षातून पंधरा दिवसांपुरती रात्री बारापर्यंत सवलत देण्याची मुभा मिळाली. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सविस्तर निकाल दिला. त्या खटल्याचा उगम काळीज हलवणारा आहे. ध्वनिक्षेपकाच्या गाण्यांत एका तेरा वर्षांच्या अत्याचारग्रस्त मुलीच्या किंकाळ्या कोणालाच ऐकू गेल्या नाहीत; त्यावरून एका अभियंत्याने १९९८ साली याचिका केली होती. ऐकण्याची इच्छा नसलेल्यावर आवाज लादता येत नाही, हे या निकालाचे सार.

ऑगस्ट २०१६ मध्ये डॉ. बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती अमजद सय्यद यांनी निकाल दिला. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले. हेच अभय ओक मे २०१९ ते ऑगस्ट २०२१ या काळात आपल्या कर्नाटक उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात जाऊन मे २०२५ मध्ये निवृत्त झाले.

केंद्रीय प्रदूषण मंडळाने २०११ पासून सात महानगरांत आवाज मोजणारी कायमची यंत्रे बसवली. त्यांत बंगळूर आहे आणि बंगळूरच्या ठिकाणांत निम्हान्सही आहे. ते शांतता क्षेत्र आहे. तरी तिथले आकडे मर्यादेच्या वर गेल्याचे वर्षानुवर्षे वाचायला मिळाले. चिंतेवर उपचार करणाऱ्या संस्थेच्या दारातच चिंतेचे एक कारण उभे, असा हा विरोधाभास.

आपल्या मांडवातला हिशेब

आता हे सारे वाचून ‘म्हणजे उत्सव करायचा नाही का?’ असे कोणी विचारील. उत्सव करायचाच. एकटेपणा हाही मोठा ताण आहे. परक्या शहरात आलेल्या माणसाला आरतीच्या वेळी चार मराठी गळे भेटतात, त्याने जे हलके वाटते ते कुठल्या गोळीत मिळत नाही. आरती सर्वांनी मिळून म्हणावी आणि ढोल-ताशाही वाजावा. प्रश्न आहे तो किती वाजेपर्यंत आणि किती मोठ्याने एवढाच. आणि ढोल आपला म्हणून त्याचा आवाज कानाला कमी लागतो असे नाही.

डेसिबलचे गणित आपल्या नेहमीच्या बेरजेसारखे नाही. १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते. ५५ चे ८५ झाले की हजारपट! याची उलट बाजू आपल्या फायद्याची आहे. फक्त ३ डेसिबल कमी केले तरी ऊर्जा निम्मी होते आणि ऐकणाऱ्यांची करमणूक जराही कमी होत नाही. नियमाप्रमाणे निवासी भागात दिवसा मांडवाच्या हद्दीवर ध्वनिक्षेपकाचा आवाज ६५ डेसिबलच्या आत हवा. त्यासाठी एका मोठ्या खोक्याऐवजी दोन-चार लहान खोके, तेही श्रोत्यांकडे तोंड करून आणि खाली लावलेले, शेजारच्या इमारतीकडे पाठ केलेले, एवढे पुरते. ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या मुलाला आपण रोज चहा देतो. त्याच्याबरोबर ही एक सूचनाही द्यावी.

आणि मांडवाच्या मागच्या खिडकीत कोण आहे हेही पाहावे. रात्रपाळी करून दिवसा झोपणारा आपलाच सहकारी असेल, दहावीचा अभ्यास करणारी शेजारच्या कन्नड कुटुंबातली मुलगी असेल, किंवा पुण्याहून, बेळगावहून मुलाकडे राहायला आलेल्या आणि उशाशी गोळ्यांची पट्टी ठेवून झोपणाऱ्या कोणाच्या आई असतील. त्यांची गोळी बंद करा असे सांगणे आपले काम नाही. ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमीही करू नये आणि वाढवूही नये. आपल्या हातात आहे ते दुसरे टोक, आवाजाचे बटण.

सव्वाशे वर्षांच्या इतिहासात शास्त्राने आतली घंटा मंद करण्याचे अनेक उपाय शोधले आणि त्यांतला पहिला मोठा उपाय आपल्या मुंबईतूनच जगापुढे गेला, याचा अभिमान जरूर असावा. पण म्युनिकच्या मुलांना आराम पडला तो विमाने थांबल्यावर. डॉ. ओक आणि डॉ. बेडेकर यांनी सांगितले तेही हेच. आपल्या दैवताचे एक नाव शूर्पकर्ण आहे, सुपासारखे कान असलेला. सूप पाखडते, सत्त्व ठेवते आणि फोल उडवून लावते. त्याच्या कानापर्यंत पोचायला मोठ्या आवाजाची गरज कधीच नव्हती.

गणपती बाप्पा मोरया!